दम धरा, काका

नऊ दिवस मी छातीचं औषध चहाबरोबर गिळलं. अर्धी निळी, अर्धी पारदर्शक कॅप्सूल, आत चिमूटभर पूड. ती एका छोट्या प्लास्टिकच्या यंत्रात घालायची, यंत्र फिरवलं की कॅप्सूल उघडते आणि मग ती पूड तोंडाने जोरात आत ओढायची, हे मला आज माहीत आहे. तेव्हा नव्हतं. कॅप्सूलसारखी दिसते, कॅप्सूलसारखी डबीतून येते, वर 'सकाळी एक, रात्री एक' असं सांगितलेलं. मग माणूस दुसरं काय करणार? यंत्र कशाचं ते कळेना म्हणून बायकोने ते फडताळात ठेवून दिलं. डबीत एक चिठ्ठी होती, आठ घड्यांची, मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांची. चष्मा लावून उलगडली आणि तशीच परत आत सारली. घडीसुद्धा पहिल्यासारखी बसली नाही.

दहाव्या दिवशी घरचा जिना चढताना दोनदा बसावं लागलं, तेव्हा मुलाने छातीच्या एका डॉक्टर मॅडमकडे नेलं. हा अभिप्राय त्या दवाखान्याचा. नाव लिहीत नाही, कारण मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "नको काका, आधीचीच गर्दी आवरत नाही." आणि खरं तर अभिप्राय मॅडमच्या डॉक्टरकीचा नाहीच, ती मला काय कळणार? अभिप्राय आहे तिथल्या चित्रांचा.

मी बोर्ड पेंटर, कोल्हापूरचा. १९७४ साली, सोळाव्या वर्षी उस्तादांकडे ब्रश धुवायला लागलो आणि फ्लेक्स येईपर्यंत पोट त्यावरच चाललं. एनामल, टर्पेंटाईन, थिनर आणि विडी यांनी मिळून माझ्या छातीचं जे केलं त्याला सीओपीडी म्हणतात, म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या आवळल्या जातात तो आजार. पण भिंतीवर चित्रं काढून लोकांना आरोग्य शिकवायचं काम मी तीसेक वर्षं केलंय. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण काढलाय, टोक खाली. (पहिल्या खेपेला टोक वर काढलं होतं, उस्तादांनी कानाखाली काढली.) 'निरोध, १५ पैशांना तीन' लिहिलंय. देवीचा रोगी दाखवा, हजार रुपये मिळवा, अशा अर्थाची ओळ १९७५ साली लिहिलीय, आणि त्या वेळी शाळेत, बाजारात फिरणाऱ्या माणसांच्या हातात देवी आलेल्या पोराच्या फोटोचं कार्ड असायचं तेही पाहिलंय. ते कार्ड दाखवून विचारायचे, असं पोर कुठं बघितलंय का? बास, एवढंच. शब्द न वाचता काम व्हायचं. तेव्हा आरोग्याच्या चित्रात खोट काढायचा थोडाफार अधिकार मला आहे, असं मी धरून चालतो.

आधी टीव्हीचं उरकतो. बाहेरच्या खोलीत भिंतीवर टीव्ही आहे आणि त्यावर दिवसभर गुलाबी फुप्फुसं गरगर फिरतात. जिलेबीवर पाक असतो तशी त्यावर चकाकी. आत शिरतात, बाहेर येतात, पुन्हा फिरतात. आवाज बंद. मी सव्वा तास बसलो, माझ्या शेजारची मावशी सव्वा तास बसली, शेवटी ती म्हणाली, "हे डाळिंब आहे व्हय?" एक तारा. तोही टीव्ही स्वच्छ पुसलेला होता म्हणून.

आत गेल्यावर मात्र माझं मत बदललं. फुंकायची तपासणी असते, स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. छाती भरून हवा घ्यायची आणि एका दमात जोरात सोडायची, आणि सोडतच राहायचं, निदान सहा सेकंद. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या सेकंदात सगळं संपलंय असं वाटतं आणि माणूस थांबतो. मी दोनदा थांबलो. तपासणी करणारी मुलगी ओरडत होती, "फुंका फुंका फुंका, अजून अजून अजून!" मला आपलं वाटलं, ही सगळ्यांनाच असं ओरडते.

मग तिने संगणकाची मान माझ्याकडे वळवली. पडद्यावर मेणबत्त्यांची रांग, ज्योती हलतायत. "ह्या सगळ्या विझवायच्या काका." हे खरं तर लहान मुलांसाठी केलेलं असतं असं नंतर कळलं. मी फुंकलं. पुढच्या चार-पाच फटक्यात गेल्या. मागच्या जाईनात. मी थांबलो असतो, पण शेवटची मेणबत्ती नुसती वाकली होती, विझली नव्हती, आणि ती माझ्याकडे बघत होती. मी पोटातून उरलीसुरली हवा काढली. गेली. मुलगी म्हणाली, "झालं! सात सेकंद." सदुसष्टाव्या वर्षी मला मेणबत्ती विझवल्याचा आनंद झाला, लपवण्यासारखं त्यात काही नाही. औषधाचे पफ देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात, तेव्हा मी स्वतःच म्हटलं, मेणबत्त्या लाव.

भिंतीवर मी आयुष्यभर चित्रं काढली, पण बघणाऱ्याने काय केलं याची माझ्या चित्राला कधी फिकीर नव्हती. या मेणबत्तीला होती. माझा दम कमी पडला की ती पेटलेली राहत होती.

यातही एक गंमत झाली. माझ्यानंतर ती डाळिंबवाली मावशी आत गेली, दार उघडंच होतं. तिने मेणबत्त्या बघितल्या आणि नळी तोंडातून काढून हातात धरली. "दिवा फुंकून विझवायचा? आणि तो पण दवाखान्यात?" बरोबर आहे की! आमच्याही घरी दिवा फुंकून विझवला तर आई पाठीत धपाटा घालायची. शांत करायचा असतो तो. मुलगी हुशार. वाद घातला नाही, दोन बटणं दाबली आणि मेणबत्त्यांच्या जागी फुगा आणला. मावशीने फुगा असा फुगवला की मीच खुर्चीत मागे सरकलो. या मुलीला पाच तारे. यंत्र बनवणाऱ्यांना, आपल्याकडे फुगाच आधी ठेवा, एवढा निरोप.

तपासणीनंतर मॅडमनी माझी पूड बंद केली. पूड ओढायला जोराचा दम लागतो, तो माझ्यात नाही. त्याऐवजी पंप आणि स्पेसर. स्पेसर म्हणजे दुधाच्या बाटलीसारखी प्लास्टिकची नळकांडी, दोन तुकडे जोडून होते. एका तोंडाला पंप खोचायचा, दुसरं आपल्या तोंडात. पंपातून औषध सुसाट बाहेर येतं आणि थेट मारलं तर बरंचसं जिभेवर आणि घशावरच आपटतं. नळकांडीत ते थांबतं, मग आपण सावकाश ओढायचं. इथे जोर नको. पूड जोरात, पंप हळू; हे उलटंसुलट झालं की दोन्ही वाया.

आणि मग मुलीने कार्ड दिलं. ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो ते हे कार्ड. शाळेच्या वहीच्या पानाएवढं, दोन्ही बाजूंनी प्लास्टिक चढवलेलं. पुढे सहा चित्रं, मागे चार. काळ्या रेषेची चित्रं, रंग एकच, निळा, आणि तो फक्त औषधाला. पंपात निळा, नळकांडीत निळे ठिपके, तोंडात, मग छातीत. बाकी माणूस, हात, शर्ट सगळं नुसती रेष. ज्याने कुणी हे काढलं त्याला माझा नमस्कार. रंगाचा डबा हातात असताना एकच रंग वापरायला धीर लागतो. गिऱ्हाईक म्हणतं, पैसे दिलेत तर सगळे रंग घाला. आणि सगळे रंग घातले की डोळा कुठं जावा ते डोळ्यालाच कळत नाही.

माणूस बाजूने काढलाय, समोरून नाही. हेही बरोबर. ओठ नळीभोवती मिटलेत की फट आहे, हनुवटी वर आहे की छातीवर, हे समोरून दिसतच नाही. चेहरा साधा, मिशी, कपाळावर दोन आठ्या. बायकांसाठी वेगळं कार्ड आहे, त्यात डोक्यावर पदर घेतलेली आजी आहे. मी विचारलं, दोन कशाला छापली? मॅडम म्हणाल्या, त्यांच्याकडे येणाऱ्या खेड्यातल्या कित्येक बायकांनी आयुष्यात विडीला हात लावलेला नसतो. चुलीच्या धुराने छाती गेलेली असते. त्यांना मिशीवाल्याचं कार्ड दिलं की त्या म्हणायच्या, हे आमच्या मालकांना दाखवा.

आता खोट काढतो. पहिलं चित्र पंप हलवायचं. पंपाच्या दोन्ही अंगांना वाकड्या रेषा. गोष्टीची चित्रपुस्तकं वाचलेल्या पोराला त्या रेषा म्हणजे हालचाल हे लगेच कळतं. माझ्या बायकोने विचारलं, "तापलाय का हा?" वाकड्या रेषा म्हणजे वाफ, तिच्या लेखी. चहाच्या कपावर मी स्वतः अशाच रेषा काढत आलोय, ती काय चुकली? हालचाल दाखवायची तर पंप तीन वेळा काढावा, पुसट, गडद, पुसट.

पाचवं चित्र दम धरायचं. औषध ओढून झालं की दहा सेकंद श्वास आत ठेवायचा, म्हणजे ते नळ्यांत बसतं. चित्रात भरलेली छाती आणि खाली दहा गोल, एकेक करून भरत गेलेले. बरं आहे. त्यामागची हकिकत मॅडमनी सांगितली. पहिल्या छपाईत तिथे घड्याळ होतं, सेकंदकाटा बारावरून दोनवर गेलेला, म्हणजे दहा सेकंद. एक आजी महिनाभराने आल्या, त्रास तसाच. पंप घेता ना? तर म्हणे, अगदी वेळच्या वेळी, रोज दुपारी दोन वाजता. मॅडमनी उरलेली कार्डं रद्दीत घातली. चित्र चुकलं तर माणसाला दोष न देता चित्र बदलणारा डॉक्टर मी तरी पहिल्यांदा बघितला.

सहावं चित्र चूळ भरायचं, मोरीपाशी तांब्या घेऊन. ते उत्तम. मोरीची धार, तांब्याचा गळा, सगळं आपल्या घरातलं. चूळ भरली नाही तर घशात औषध साचून तोंड येतं, पांढरा थर धरतो.

पण मागची बाजू मला पटली नाही, आणि मी तसं सांगितलंसुद्धा. मागे काय करायचं नाही त्याची चार चित्रं. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारा माणूस (मीच की तो!), नळीत फुंकणारा माणूस, झोपून पंप घेणारा, आणि पंपाची बाटली बादलीत तरंगते का ते बघणारा. आमच्या गल्लीत हे शेवटचं अजून चालतं. बाटली तरंगली की औषध संपलं म्हणतात. त्याने काही कळत नाही, उलट तोंडाशी पाणी जाऊन ती बिघडते. पंपावर आकडा असेल तर तो बघायचा, नसेल तर कॅलेंडरवर रोजच्या पफच्या रेघा मारायच्या. तर या चारही चित्रांवर लाल फुली आहे.

फुलीचं मला सांगू नका. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं तेव्हा गावोगाव भिंती रंगवायचं काम निघालं. एका गावात शाळेच्या बाजूच्या भिंतीवर मी हौसेने चित्र काढलं: झुडपामागे लोटा घेऊन बसलेला माणूस, वर ही मोठी लाल फुली. माणूस इतका हुबेहूब आला की गावकऱ्यांनी तो कोण हेही ठरवून टाकलं. लाल रंग मी स्वस्तातला आणला होता. स्वस्त लाल उन्हात आधी उडतो, काळा आणि पिवळी माती टिकून राहते, हे मला माहीत होतं, तरी आणला. दोन उन्हाळे आणि दोन पावसाळ्यांनी फुली गेली. खाली 'असे करू नये' होतं, तेही लालच. राहिला फक्त तो माणूस, झुडूप आणि लोटा. दिवाळीला त्या गावावरून एसटीने जाताना बघितलं तर भिंत लोकांना शिकवत होती की बसायचं असेल तर असं बसा.

तेव्हापासून माझं मत आहे की चित्राला 'नको' म्हणता येत नाही. शब्दाला येतं, मानेला येतं, आईच्या डोळ्याला येतं. चित्र जे दाखवतं ते दाखवतंच, वरची फुली हा वेगळा कागद असतो. घाईत बघणाऱ्याच्या डोक्यात माणूस राहतो, फुली निसटते. २००९ साली तंबाखूच्या पुड्यांवर सरकारने चित्र सक्तीचं केलं, खायच्या तंबाखूवर विंचू आला. घेऊ नका, हे विष आहे, असं त्या विंचवाने म्हणायचं होतं. माझा तंबाखूवाला दोस्त पुडी हातात फिरवून म्हणाला, "विंचू छाप नवीन आली वाटतं." पुडीवर चित्र म्हणजे छाप, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे! पुढे आजारी तोंडांचे फोटो आले आणि २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग त्यांनी व्यापला, ते मात्र कुणी छाप समजलं नाही. (पाकिटावर एक फुकटचा नंबरही असतो, १८००-११-२३५६, व्यसन सोडायला मदत करतात.) मी विडी चित्र बघून सोडली नाही. बोर्डाच्या शिडीवरच धाप लागली म्हणून सोडली.

मॅडमना म्हटलं, फुली मारण्यापेक्षा ती कॅप्सूल पुढे कुठं जाते ते काढा. तर त्यांनी टॅब उघडला. ते तुम्ही म्हणता ते फिल्ममध्ये आहे, म्हणाल्या.

फिल्म दोन मिनिटं दहा सेकंदांची, कार्टूनची. कुणी बनवली ते विचारायचं राहिलं. सुरुवातीला मी कपाळाला हात लावला. एक गोरागोमटा गृहस्थ सोफ्यावर बसून खोकतोय आणि त्याच्या पायात बूट. घरात, गालिच्यावर, बूट! मागे खिडकीत बर्फ पडायचं तेवढं बाकी. पूर्वी तंबू टॉकीजला मुख्य पिक्चरच्या आधी फिल्म्स डिव्हिजनची रीळ लागायची, त्यात कधीमधी कार्टूनही असायचं. मुंबईत त्यांचा कार्टूनचा विभाग १९५६ साली निघाला, डिस्नेकडचा क्लेअर वीक्स नावाचा माणूस शिकवायला आला होता, आणि त्यात तयार झालेल्या राम मोहन यांनी पुढे युनिसेफसाठी मीना ही मुलगी काढली. माझी लेक दूरदर्शनवर बघायची. मीना काढताना वेगवेगळ्या देशांतल्या गावांत चित्रं नेऊन लोकांना दाखवली होती, म्हणून ती बांगलादेशातही आपली वाटायची आणि आमच्या गल्लीतही. एवढं डोकं चालवणारी माणसं आपल्याकडे होऊन गेल्यावर या बूटवाल्याला काय म्हणावं!

भाषेचंही तसंच. पडद्यामागची बाई सांगते, "श्वसनमार्ग प्रसरण पावतो." नळी मोकळी होते म्हणा की. "श्वास रोखून धरावा." आमच्याकडे त्याला दम धरा म्हणतात, आणि त्यातच घाई करू नका हेही येतं. फुकटचे दोन अर्थ सोडून दिले.

पण मग ती कॅप्सूल आली. गृहस्थाने ती पाण्याबरोबर गिळली आणि त्याचं अंग काचेसारखं पारदर्शक झालं. घशाखाली दोन नळ्या. एक अन्नाची, एक हवेची, शेजारी शेजारी. कॅप्सूल अन्नाच्या नळीत उतरली, पोटात जाऊन पडली, विरघळली. शेजारी फुप्फुस धाप टाकतंय ते धाप टाकतंय. चुकीच्या एसटीत बसलेल्या माणसासारखी ती कॅप्सूल. प्रवास झाला, तिकीट गेलं, गाव आलंच नाही. मला नऊ दिवसांचा हिशोब तिथे पडद्यावर दिसला. फुली नव्हती, 'असे करू नये' नव्हतं. बोलावं लागलंच नाही.

आणि दम धरायचं दृश्य. गृहस्थाने औषध ओढलं, छाती भरली, निळे ठिपके बारीक नळ्यांत जाऊन बसायला लागले. संगीत थांबलं. आणि पुढचे दहा सेकंद फिल्ममध्ये काही म्हणजे काही घडत नाही. खरेखुरे दहा सेकंद. कोपऱ्यात एकेक ठिपका उजळतो, बास. मॅडमच्या खोलीत मी, माझा मुलगा आणि आत डोकावलेला कंपाउंडर, तिघांनी दम धरला होता हे सुटल्यावर कळलं. त्याआधी माझे दहा म्हणजे एकदोनतीनचार असे भराभर मोजलेले, घड्याळात चार सेकंद भरले असते. कार्डावरचे दहा गोल मी एका नजरेत बघून मोकळा होत होतो. वेळ ही गोष्ट माझ्या भिंतीवर मला कधीच काढता आली नाही, आणि ह्या बूटवाल्याने ती सहज दाखवली. फिल्मला साडेतीन तारे. बूट काढले तर चार.

शेवटी मुलीने मला पंप दिला आणि म्हणाली, "आता मी पेशंट, तुम्ही मला शिकवा." मी हसलो, पण शिकवायला बसलो तेव्हा लक्षात आलं की पंप दाबून झाल्यावर मी मान वर करून मॅडमकडे बघतो, बरोबर का म्हणून, आणि तेवढ्यात ओठांची फट होते. हे ना कार्डात होतं ना फिल्ममध्ये. माझी चूक माझीच होती, ती कोण काढून ठेवणार? तिने तीनदा करून घेतलं. दुसऱ्या पफच्या आधी अर्धा-एक मिनिट थांबायचं, पुन्हा पंप हलवायचा, हेही तेव्हाच घोटून घेतलं. पाठ झाल्यावर कार्ड आणि फिल्म दोन्ही मुलाच्या मोबाईलवर पाठवली.

घरी काय झालं तेही सांगतो, म्हणजे अभिप्राय पुरा होईल. कार्ड मोरीच्या वर खिळ्याला टांगलंय. पहिल्या आठवड्यात बायकोने स्पेसर साबणाच्या पाण्याने धुतला, कार्डात दाखवल्याप्रमाणे भांड्यांच्या जाळीत ठेवला, आणि ओला बघवेना म्हणून फडक्याने खसाखसा पुसून चकचकीत केला. पुसायचं नसतं, घासलं की प्लास्टिकला औषध चिकटतं आणि आपल्यापर्यंत कमी येतं. कार्डात जाळीत वाळणारा स्पेसर आहे, पण फडकं न घेतलेली बाई कशी काढणार? नातवाने तिला फिल्ममधलं दृश्य दाखवलं, पुसलेल्या नळकांडीच्या भिंतीला निळे ठिपके जाऊन चिकटतात ते. तिने फडकं खाली ठेवलं. म्हणाली, "तवा पुसायचा, हे नाही. सांगायचं की मग आधी."

महिन्याने पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा शेवटची मेणबत्ती पाचव्या सेकंदालाच विझली. त्यात औषधाचा वाटा किती आणि मला ती कुठे उभी असते हे माहीत झाल्याचा किती, ते मॅडमना माहीत. पहिल्या चित्राचा, पुसट-गडद-पुसट पंपाचा, कच्चा कागद मी करून नेला होता. त्यांनी तो काचेखाली ठेवला. पुढच्या छपाईला बघू म्हणाल्या.

खर्चाचं: तपासणी ४०० रुपये, फुंकायची तपासणी ८००, कार्ड फुकट. सकाळी नऊला नंबर लावला तर साडेदहाला सुटका, संध्याकाळी जाऊच नका. रविवारी बंद. गाडी लावायला जागा नाही. आणि एक मोठी तक्रार: छातीचा दवाखाना आणि तो पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बावीस पायऱ्या मोजल्यात मी. अकराव्या पायरीला वळणावर एक बाकडं ठेवलंय, तिथे बसा, लाजू नका. समोर भिंतीवर 'जिन्यात थुंकू नये' लिहिलंय, 'थुं'चा उकार पार खाली घसरलाय आणि अक्षर हाताने काढलेलं आहे. माझं नाही. मी काढलं असतं तर तिथे बसलेल्याला वाचत बसावंसं वाटलं असतं.